मॉनिटर ‘नो सिग्नल’ म्हणतो तेव्हा

अगं, मेसेज वाचला तुझा. मॉनिटर काम करता करता मधेच काळा होतो, कधी सकाळी लागतच नाही, आणि दुकानवाल्याने लॅपटॉपला हात न लावताच ‘मदरबोर्ड गेला असणार’ म्हणून सांगितलं. तो मदरबोर्डचा खर्च आधी डोक्यातून काढून टाक. लॅपटॉप आणि बाहेरच्या मॉनिटरचं जमेनासं झालं की बहुतेक वेळा दोष केबलमध्ये, हबमध्ये नाहीतर एखाद्या सेटिंगमध्ये निघतो. आणि तो शोधायला रविवारी दादाला वेळ मिळेपर्यंत थांबायची काही गरज नाही. मेसेजमधलं तेवढं एक वाक्य मला खटकलं बघ. दिवसभर त्या स्क्रीनसमोर तू बसतेस, तिच्यावर पगार तू मिळवतेस, मग ती का रुसली हे शोधणंही तुलाच जमेल. नीट सांगते, हळूहळू वाच.

यात गुंतलेल्या गोष्टी तीनच. लॅपटॉप, मॉनिटर आणि मधली जोडणी, म्हणजे केबल आणि तुझा तो हब. आपल्याला एवढंच ठरवायचंय की तिघांपैकी बिघाड कुठे आहे. त्यासाठी एक पथ्य मात्र कडक पाळ. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. केबलही बदलली, सेटिंगही बदललं, लॅपटॉपही रीस्टार्ट केला आणि चित्र आलं, तर कशाने आलं ते कळत नाही, आणि चार दिवसांनी पुन्हा तेच रडगाणं.

सुरुवात मॉनिटरच्या बटणांपासून कर. खालच्या कडेला किंवा मागे बटणं असतात, त्यातून मेनू उघडतो. तिथे ‘इनपुट’ किंवा ‘सोर्स’ शोध. मॉनिटरला एचडीएमआयची दोन तोंडं असतील आणि केबल दुसऱ्यात असताना मेनूत पहिलं निवडलेलं असेल, तर तो बिचारा ‘नो सिग्नल’ म्हणतच राहणार. ‘ऑटो’ असलं तरी हाताने निवडून बघ, ऑटोला कधी कधी सापडत नाही. मग लॅपटॉपवर विंडोजचं बटण आणि पी एकत्र दाब. उजवीकडे यादी येईल. ‘पीसी स्क्रीन ओन्ली’ निवडलेलं असेल तर ‘एक्सटेंड’ कर. लॅपटॉप मिटवला की मॉनिटरही झोपतो अशी तक्रार असेल, तर तो बिघाड नव्हे. पॉवरच्या सेटिंगमध्ये झाकण मिटल्यावर काय करायचं ते विचारलेलं असतं, तिथे ‘डू नथिंग’ ठेव.

एवढ्याने भागलं नाही तर दोघांची वीज पूर्ण तोड. मॉनिटरचं बटण दाबून नाही, भिंतीतला प्लग काढून. लॅपटॉप शटडाउन कर, केबल दोन्हीकडून काढ, दोन-तीन मिनिटं जाऊ दे. मग केबल लाव, आधी मॉनिटर सुरू कर, नंतर लॅपटॉप.

हे का चालतं ते समजून घे, म्हणजे पुढची लक्षणं तुझी तुला वाचता येतील. एचडीएमआयच्या प्लगमध्ये १९ पिना असतात. चित्र नेणाऱ्या पिना वेगळ्या. शेवटची, १९ वी पिन फक्त ‘समोर कुणीतरी जोडलंय’ एवढंच लॅपटॉपला कळवते. १५ आणि १६ या पिनांवरून मॉनिटर आपली ओळख पाठवतो: बनवणारी कंपनी कोणती, मॉडेल कोणतं, किती रिझोल्यूशन झेपतं, किती रिफ्रेश रेट चालतो. या माहितीला एडिड म्हणतात, आणि तिचा मूळ भाग अवघा १२८ बाइटचा असतो. तेवढी माहिती पोचली नाही तर चित्राच्या तारा धडधाकट असूनही लॅपटॉपला मॉनिटर ‘दिसत’ नाही. अर्धवट पोचली तर चित्र येतं, पण अक्षरं जाडीभरडी, सगळं मोठं मोठं, आणि सेटिंगमध्ये मॉनिटरच्या नावाऐवजी ‘जेनेरिक’ असं काहीतरी दिसतं. हे दिसलं की रिझोल्यूशनशी झटापट करत बसू नकोस, प्लग आणि केबल बघ. वीज तोडून पुन्हा जोडलं की ही ओळखपरेड नव्याने होते, म्हणून तो उपाय इतक्यांदा लागू पडतो.

आता खरी तपासणी. तुझ्या घरी टीव्ही आहे आणि सेटटॉप बॉक्स आहे, म्हणजे दुसरं काही विकत आणायला नको. सेटटॉप बॉक्स टीव्हीपासून सोडव आणि त्याच्याच केबलने मॉनिटरला जोड. चॅनेल दिसलं म्हणजे मॉनिटर ठणठणीत. आवाज आला नाही तर घाबरू नकोस, बऱ्याच मॉनिटरना स्पीकरच नसतात. मग मधली केबल काढून तिथे तुझी नेहमीची केबल लाव आणि तेच चॅनेल बघ. आता काळं पडलं तर चोर सापडला. नाही पडलं तर तीच केबल लॅपटॉपच्या एचडीएमआय पोर्टातून थेट टीव्हीला जोड, मधे हब नको. चित्र आलं म्हणजे लॅपटॉपही निर्दोष आणि उरला फक्त हब. तुझा बिघाड ‘मधूनच’ होणारा आहे, म्हणून प्रत्येक जोडणी अर्धा-पाऊण तास चालू ठेव. दोन मिनिटं बघून निकाल देऊ नकोस.

माझा पहिला संशय त्या हबवरच आहे, खरं सांगते. तो लागतो टाइप-सी पोर्टात. हा पोर्ट २०१४ साली आला आणि तेव्हापासून एक मोठा घोटाळा सुरू झाला. तोंड सगळ्यांचं सारखं, पण प्रत्येकाचं काम सारखं नाही. काही टाइप-सी पोर्ट फक्त डेटा नेतात, काही चार्जिंगही करतात, आणि काहींतूनच चित्र बाहेर पडतं. पोर्टच्या शेजारी विजेच्या बाणासारखं थंडरबोल्टचं चिन्ह असेल, किंवा डीच्या पोटात पी असलेलं डिस्प्लेपोर्टचं चिन्ह असेल, तर चित्र मिळेल. चिन्हच नसेल तर लॅपटॉपचं पूर्ण मॉडेल नाव घेऊन कंपनीच्या साइटवर त्या पोर्टबद्दल काय लिहिलंय ते वाच. तुझ्या लॅपटॉपला दोन टाइप-सी आहेत. दोन्ही एकाच कुवतीचे असतील असं धरून चालू नकोस, हब एकदा दुसऱ्यात लावून बघ.

केबलचंही तेच. फोनच्या चार्जरबरोबर आलेली टाइप-सी केबल मॉनिटरला लावून उपयोग होत नाही, कारण त्यातल्या बहुतेकींत चित्र नेणाऱ्या तारा घातलेल्याच नसतात. फोन तिने छान चार्ज होतो, म्हणून ‘केबल तर चांगली आहे’ असं वाटत राहतं.

हबला स्वतःलाही वीज लागते. तुझ्या हबवर पेन ड्राइव्ह, माऊस, नेटची वायर आणि मॉनिटर असं सगळं लटकलंय. लॅपटॉप एकट्याने तेवढं पुरवताना दमतो, आणि मग मॉनिटर क्षणभर जातो आणि परत येतो. हबला ‘पीडी’ लिहिलेलं तोंड असेल तर लॅपटॉपचा टाइप-सी चार्जर त्यात लाव आणि फरक बघ. हब हाताला चांगलाच गरम लागत असेल तर तेही लक्षण धर. आणि मॉनिटर फोर-के असून माऊस ओढल्यावर रेंगाळत येत असेल, तर ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’मध्ये जाऊन बघ, ३० हर्ट्‌झ दिसेल. पुष्कळ स्वस्त हब फोर-के एवढंच देतात. तो बिघाड नाही, त्या हबची कुवतच तेवढी. लॅपटॉपच्या स्वतःच्या एचडीएमआयमधून जोडलंस तर ६० मिळू शकतात. तुला खरं तर हबमधून मॉनिटर जोडायची गरजच नाही. लॅपटॉपला एचडीएमआय आहे ना, मग थेट जोड आणि हब माऊस-पेन ड्राइव्हपुरता ठेव.

खरेदीला निघण्याआधी आणखी एक. डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय अशी केबल मिळते, स्वस्तही असते. ती एकाच दिशेने चालते. लॅपटॉपकडे डिस्प्लेपोर्ट आणि मॉनिटरकडे एचडीएमआय हवं. उलट लावली तर दोन्ही टोकं व्यवस्थित बसतात आणि चित्र येत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा, पुण्यात तपकीर गल्लीत जा नाहीतर ऑनलाइन मागव, विकणारा हे आपणहून सांगेलच असं नाही. ‘कुठून कुठे’ हे तूच स्पष्ट सांग. केबल दोन मीटरच्या आत घे, टेबलावर त्याहून लांब लागत नाही, आणि लांबी वाढली की फोर-केचा सिग्नल अशक्त होत जातो. सोन्याचा मुलामा वगैरे वाचून जास्त पैसे देऊ नकोस.

मधेच लुकलुकण्याची आणखी कारणं घरातच असतात. पंख्याचं बटण दाबलं, मिक्सर सुरू झाला, इन्व्हर्टरवर लाइट गेली-आली, की स्क्रीन जाते का बघ. गॅसवर वरखाली होणाऱ्या ऑफिस खुर्चीवरून झटकन उठलं की मॉनिटर क्षणभर काळा होतो, हेही घडतं. खुर्चीत स्थिर वीज साठते, तिची ठिणगी पडते, आणि कमी प्रतीच्या केबलला तो धक्का सोसत नाही. चांगल्या कवचाची केबल घेतली की हे थांबतं किंवा पुष्कळ कमी होतं.

आणि अर्थिंग! याबाबत मी कळकळीने सांगते. लॅपटॉपच्या धातूच्या कडेवरून बोट फिरवलं की मुंग्या आल्यासारखं होतं का? चार्जरचा तीन पिनांचा प्लग तू दोन पिनांच्या कन्व्हर्टरमधून लावलायस का? मग त्या धातूच्या अंगावर गळतीची वीज साठून राहते, आणि चालू लॅपटॉपला चालू मॉनिटरची केबल खोचताना ती पोर्टमधून वाट काढते. अशाने पोर्ट खराब होऊ शकतो. लॅपटॉप आणि मॉनिटर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर, तीन पिनांच्या प्लगनेच लाव. केबल जोडताना दोन्ही बंद ठेव. आणि वायरमनला बोलावून त्या पॉइंटचं अर्थिंग खरंच आहे का ते तपासून घे. घर भाड्याचं असेल तर मालकाला सांग, संकोच करू नकोस, हा नुसता लॅपटॉपचा प्रश्न नाही.

विंडोज अपडेट झाल्यापासून हे सुरू झालं असेल तर ड्रायव्हर बघ. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबली की स्क्रीन क्षणभर लुकलुकते आणि ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, उघडलेलं काम जात नाही. तेवढ्याने जमलं नाही तर ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये ‘डिस्प्ले अडॅप्टर्स’खाली ‘रोल बॅक ड्रायव्हर’ आहे. पण लॅपटॉप कंपनीचा आहे, तिथे आयटीवाल्यांना विचारल्याशिवाय हात लावू नकोस. हां, आणि तुझ्या मैत्रिणीला सांग, तिच्या एम-१ मॅकबुक एअरला दुसरा बाहेरचा मॉनिटर लागत नाही, ते बरोबरच आहे. त्या मॉडेलला एकच चालतो.

शेवटी टॉर्च घे आणि पोर्टच्या आत बघ. धूळ, वाकलेली पिन, हिरवट डाग. मामींच्या चिपळूणच्या घरी तू पावसाळाभर काम केलंस, तिकडच्या दमट हवेत संपर्कांवर असा थर बसतो. तोंडाने फुंकर मारू नकोस, ओलावा जातो आत. सगळं बंद करून मऊ कोरड्या ब्रशने हलकेच झाड. मग केबल लावून प्लगजवळ अगदी हलका दाब दे. ठरावीक कोनात धरल्यावरच चित्र येत असेल, आणि दुसऱ्या केबलनेही तसंच होत असेल, तर पोर्टचे टाके सुटलेत. तेव्हा मात्र दुरुस्तीला जायलाच हवं. वॉरंटी असेल तर अधिकृत केंद्रात, ऑफिसचा लॅपटॉप म्हणून आधी ऑफिसला कळवून.

जाशील तेव्हा ‘मॉनिटर चालत नाही’ असं मोघम बोलू नकोस. सांग, ‘मॉनिटर सेटटॉप बॉक्सवर चालतो, केबल दोन बदलून पाहिल्या, थेट टीव्हीलाही तसंच होतं, पोर्ट सैल आहे, पोर्ट बदलून हवा.’ एवढं ऐकल्यावर मदरबोर्डचं नाव उगीच कुणी काढत नाही. खर्चाचा आकडा कागदावर घे आणि काढलेला जुना भाग परत माग.

आज रात्री सेटटॉप बॉक्स आणि हब एवढंच कर. काय दिसलं ते मला लिही, पुढचं आपण फोनवर बोलू.