आंबे मोजू नकोस गं, बाकी बघ

अगं, तुझा मेसेज वाचला. बाकीवाली डेटा सफिशियन्सी दिसली की हातपाय गार पडतात म्हणे. पडू देत. आधी गरम चहा घे, पंख्याखाली बस आणि ताई सांगते तसं कर.

खरं सांगू का, तुझं गणित कच्चं नाहीच. तुला शाळेपासून उत्तर काढायची सवय लागली आहे आणि इथे उत्तर कुणी मागितलेलंच नसतं. दिलेल्या माहितीवरून उत्तर एकच येतं का, एवढंच विचारलेलं असतं. मीही पूर्वी पानभर आकडेमोड करून संख्या हुडकून काढायचे आणि पर्यायांत ती संख्याच नाही म्हणून पेपर काढणाऱ्याला शिव्या घालायचे!

हे बघ, पडवीत हापूसचा ढीग आहे. प्रश्न असा : डझनाच्या पेट्या भरल्या तर किती आंबे उरतील? विधान पहिलं : सहा-सहाचे वाटे केले तर 4 उरतात. विधान दुसरं : चार-चारचे केले तर काहीच उरत नाही.

आता दुसऱ्या विधानावर तळहात ठेव. खरोखर ठेव गं, लाजतेस काय! पहिल्यावरून ढिगात आंबे किती असतील? 4, 10, 16, 22... इथे पुष्कळ जणी 10पासून सुरुवात करतात. अगं, चार आंब्यांत सहाचा एकही वाटा होत नाही, म्हणजे चारही उरले, म्हणून 4 यादीत हवेतच. आता डझनाने बघ : ढीग 4चा असेल तर उरतात 4, 10चा असेल तर 10. दोन वेगळी उत्तरं आली की विधान एकटं अपुरं, पुढे एक आकडाही लिहू नकोस. मग हात पहिल्या विधानावर, आणि ते डोक्यातूनही काढायचं. मार्क जातात ते इथेच. पहिल्यातले 4 नकळत दुसऱ्यात शिरतात. दुसऱ्याचे ढीग 4, 8, 12. उरतात 4, 8, 0. तेही अपुरं. आता दोन्ही याद्यांत असलेले आकडे घे : 4, 16, 28, 40. दर वेळी उरतात 4. पुरेसं!

पण थांब. चार आकडे जुळले म्हणजे पाचवा जुळेलच असं नाही. वेगळी उत्तरं मिळाली तर 'अपुरं' पक्कं. सारखीच मिळत राहिली तर कारण सापडेपर्यंत खूण करायची नाही. इथे कारण सोपं आहे. 6 आणि 4चा लसावि 12, यादी बाराबारानेच पुढे सरकते, मग डझनाची बाकी बदलणार कशी? घाईत सहा चोक चोवीस करू नकोस हं. पेटी दोन डझनांची असती तर 4चे 4 उरले असते आणि 16चे 16, म्हणजे अपुरंच. आणि तीन-तीनचे वाटे विचारले असते तर पहिलं विधान एकटं पुरलं असतं, कारण सहाचा वाटा तिनात पुरता मोडतो आणि उरलेल्या चारांतून तीन गेले की 1 राहतो. म्हणून विचारलेला भाजक दिलेल्या भाजकाला भागतो का, हे आधी बघत जा.

एक गंमत सांगते. 'संख्येच्या वर्गाला 8ने भागल्यास बाकी किती?' आणि विधान एवढंच, की संख्या विषम आहे. एवढ्याने काय होणार, असं वाटतं ना? 1, 9, 25, 49, सगळ्यांची बाकी 1. वर्गातून 1 वजा केला की लागोपाठच्या दोन सम संख्यांचा गुणाकार राहतो, त्यातली एक 4ने जातेच. संख्या कळली नाही, पण विधान पुरलं.

पर्यायांचा क्रम मात्र दर पेपरात वाच, पाठांतरावर जाऊ नकोस. बँकेच्या परीक्षेत चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात, तिथे नुसत्या अंदाजाने खूण नको.

आणि मुलींचं डोकं गणितात चालत नाही म्हणणाऱ्या त्या काकूंचं मनावर घेऊ नकोस. दापोलीजवळच्या मुर्डीचे परांजपे 1899 साली केंब्रिजात सीनियर रँग्लर झाले, हे आपल्याकडे अभिमानाने सांगतात. त्यांची लेक शकुंतलाबाईही त्याच केंब्रिजात गणितच शिकली, सई परांजप्यांची आई ती. हे सांग त्यांना, आणि वर चहाही दे.

आज असे पाचच प्रश्न सोडव. प्रत्येकाखाली 'का पुरेसं' किंवा 'का अपुरं' हे एका ओळीत लिही आणि वहीचा फोटो मला पाठव. अडलंस तर फोन कर, पण नऊनंतर कर, त्याआधी माझ्या स्वयंपाकघरात कुणाचं काही ऐकू येत नाही.