जबाबदारी फक्त नर्सवरच का?

प्रश्न : सरकारी रुग्णालयात माझ्या पाच वर्षांच्या मुलाचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. जखम चिघळली. विचारलं तर सगळे ड्युटीवरच्या नर्सकडे बोट दाखवतात. वरच्यांना कोणी विचारायचं?
– एक आई, ता. घाटंजी

उत्तर : ताई, आधी बाळाची जखम दुसऱ्या सर्जनना दाखवा. तक्रार त्यानंतर.

तुमच्याच तालुक्यात जानेवारी 2021 मध्ये कापसी-कोपरीला 12 बालकांना पोलिओ डोसऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. कारवाई झाली ती खालच्या तिघांवर. त्याच महिन्यात भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या आगीत 10 नवजात बाळं गेली, तेव्हा मात्र जिल्हा शल्यचिकित्सकही निलंबित झाले. हेच योग्य आहे. निर्जंतुकीकरणाचं यंत्र बंद असेल, एका नर्सकडे अख्खा वॉर्ड असेल, तर तो दोष व्यवस्थापनाचा.

नर्सने चुकीचं इंजेक्शन दिलेल्या बालकाच्या प्रकरणात 1998 साली सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालयालाच जबाबदार धरलं होतं.

आता हे करा : केसपेपर, ऑपरेशनच्या नोंदी लेखी अर्जाने मागा, 72 तासांत मिळायला हव्यात. अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घ्याच. तक्रार रुग्णालयप्रमुखांकडे द्या, प्रत आरोग्य उपसंचालकांना. त्यात एक प्रश्न ठळक लिहा : "त्या दिवशी वॉर्डात किती नर्स होत्या?" पूर्ण मोफत रुग्णालय ग्राहक आयोगाच्या कक्षेत येत नाही; दिवाणी न्यायालयाचा मार्ग मात्र खुला आहे.

घाबरू नका. लेकरासाठी जाब विचारणं हा तुमचा हक्क आहे.