बंदिस्त कुंडातील स्कूबा : गुम्मिडिपूंडी येथील शक्याशक्यता

पाठीवरील नळकांड्यात दाबून भरलेली हवा श्वासास घेत पाण्याखाली वावरण्याच्या पद्धतीस स्कूबा म्हणतात. १९४३ मध्ये फ्रान्समध्ये कुस्तो व गान्यां यांनी तिचे हवानियंत्रक यंत्र सिद्ध केले. ही विद्या समुद्रात शिकावी हे स्वाभाविकच. परंतु समुद्र बारमाही अनुकूल नसतो. सिंधुदुर्गातील तारकर्लीस नैर्ऋत्य मोसमी पावसात समुद्र खवळतो. तेथील महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या संस्थेत शिकाऊंसाठी म्हणून स्वतंत्र तलावही आहे. चेन्नईकडील किनाऱ्यावर हीच अडचण ईशान्य मोसमी पावसात, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येते. परदेशांत याकरिता छपराखाली खोल कुंडे बांधण्यात आली आहेत. इटलीतील पादुआनजीकचे कुंड (२०१४) ४२ मीटर, तर दुबई येथील (२०२१) ६० मीटर खोल आहे.

असे कुंड चेन्नईच्या उत्तरेस सुमारे ४५ किलोमीटरवरील गुम्मिडिपूंडी येथे बांधता येईल काय? उपनगरी रेल्वे, कोलकात्याकडे जाणारा महामार्ग व औद्योगिक वसाहत या सोयी तेथे आहेत. हवा उष्ण असल्याने पाणी तापविण्याचा खर्चही जवळजवळ नाही. तेव्हा प्रश्न उरतो तो जमिनीचा, पाण्याचा व हवेचा.

प्रथम आकार ठरवू. दर १० मीटर खोलीस पाण्याचा दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. म्हणजे १० मीटरवर एकूण दाब दुप्पट होतो, आणि तेथून श्वास रोखून वर येणाऱ्याच्या फुप्फुसातील हवा फुगून दुप्पट होऊ पाहते. शिकाऊस समजून घ्यावयाचा मुख्य धोका हाच. त्याकरिता ६० मीटरची आवश्यकता नाही. २५ मीटर लांब, २० मीटर रुंद व १० मीटर खोल कुंड पुरेसे होय. त्यात ५,००० घनमीटर, म्हणजे ५० लाख लिटर पाणी मावेल.

ही भूमी किनारी गाळाची आहे. पावसाळ्यात भूजल पृष्ठभागाजवळ आले, तर जमिनीत पूर्ण गाडलेल्या रिकाम्या कुंडास खालून ५,००० टनांचा उचल-दाब बसेल व ते नावेप्रमाणे वर उचलले जाईल. म्हणून कुंड निम्मेच गाडावे. मग उचल २,५०० टन राहते, आणि सुमारे १,००० घनमीटर काँक्रीटचे वजन तिला जेमतेम तोलून धरते. तथापि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये दुरुस्तीकरिता कुंड रिकामे करू नये हे उत्तम.

खरा पेच पाण्याचा आहे. जवळच्या मिंजूर परिसरात अतिउपशामुळे समुद्राचे खारे पाणी भूगर्भात कित्येक किलोमीटर आत शिरले आहे. तेव्हा कूपनलिकेचा विचारच नको. चेन्नई शहर तर महाबळेश्वरी उगम पावणाऱ्या कृष्णेचेही पाणी पिते. १९७६ मध्ये महाराष्ट्र, कर्नाटक व आंध्र प्रदेश यांनी प्रत्येकी ५ अब्ज घनफूट पाणी देण्याचे मान्य केले व १९९६ मध्ये ते कालव्याने पूंडी जलाशयात पोहोचले. इतके करूनही जून २०१९ मध्ये शहराचे चारही मुख्य जलाशय जवळजवळ कोरडे पडले. अशा प्रदेशात क्रीडेसाठी १२,००० लिटरच्या टँकरच्या चारशेहून अधिक खेपा मागविणे कोणास रुचेल?

परंतु कुंड एकदा भरले की तेच पाणी गाळून पुनःपुन्हा वापरले जाते. छपराखाली दिवसाला ४ मिलिमीटर बाष्पीभवन धरल्यास ५०० चौरस मीटर पृष्ठभागावरून २ घनमीटर पाणी जाईल. वाळूची गाळणयंत्रे धुण्यास आणखी ७ घनमीटर धरावे. वर्षाची तूट सुमारे ३,३०० घनमीटर झाली. आता चेन्नईकडे वर्षाकाठी सुमारे १,४०० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातील चारपंचमांश हाती लागला, तर ३,००० चौरस मीटर छपरावरून ३,३६० घनमीटर पाणी मिळेल. हिशेब जमतो! मात्र पावसाचा मोठा भाग तीन महिन्यांतच पडत असल्याने, जानेवारी ते मे हा कोरडा काळ निभावण्यास सुमारे १,५०० घनमीटरची साठवण टाकी लागेल. तिचा खर्च वगळून केलेला कोणताही अंदाज फसवा होय. पहिली भरतीही याच मार्गाने करावयाची तर सुमारे दीड वर्षाचा पाऊस हवा. एवढा धीर असेल, तर कुंड शक्य आहे.

छपराबाबत एक इशारा आवश्यक आहे. क्लोरीनयुक्त दमट हवेत पोलादही तडकते. स्वित्झर्लंडमधील उस्टर येथे १९८५ मध्ये पोहण्याच्या तलावाचे काँक्रीटचे छत कोसळून १२ माणसे दगावली. ते ज्या निष्कलंक पोलादी सळ्यांनी टांगले होते, त्या क्लोराइडांमुळे आतून तडकल्या होत्या. म्हणून छताचा भार अशा सळ्यांवर ठेवू नये आणि दमट हवा यंत्राने सतत बाहेर काढावी.

राहिली श्वासाची हवा. महामार्गावरील वाहनांच्या व कारखान्यांच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. नळकांड्यात तो शिरल्यास १० मीटर खोलीवर त्याचा आंशिक दाब दुप्पट होतो, आणि त्यास वास नसल्याने पाणबुड्यास तो कळतही नाही. हवा भरणाऱ्या यंत्राचे तोंड म्हणूनच उंचावर, रस्त्यापासून दूर काढावे व भरलेली हवा नियमितपणे तपासावी.