घरातली दहावी

पोरी, नववीनंतर लेकीची शाळा सोडवून दहावी घरातूनच करायची असं तुम्ही दोघांनी ठरवलंत, ते तुझ्या सासूबाईंकडून कळलं. त्यांचा जीव खालीवर होतोय, तुझाही होत असणार. माझी सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत झाली, तेव्हा मावशी आता फैलावर घेणार असं तुला वाटलं असेल. तसं काही नाही. पोरीचं आजारपण मी बघितलंय. शाळा सारखी बुडायची आणि बुडालेलं भरून काढता काढता ती रडकुंडीला यायची. घरातून शिकणं तिला मानवेल. पण चार गोष्टी सांगते, त्या ध्यानात ठेव.

आपण शाहू महाराजांच्या मुलखातली माणसं. महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि पोराला शाळेत न धाडणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. त्या वेळचा रुपया गरिबाला जड होता, तरी ठेवला. इतक्या कष्टानं दारापर्यंत आलेली शाळा सोडायची तर कारण पक्कं हवं आणि ते लेकीलाही ठाऊक हवं. एका वहीच्या पहिल्या पानावर तिच्याच हातानं लिहून घे: मी घरी का शिकते आहे, किती दिवस शिकणार आहे आणि पुढं काय करायचं आहे. दर दोन-तीन महिन्यांनी ते पान दोघींनी मिळून वाचा. कारण बदललं असेल तर नवं लिहा. कारणच उरलं नसेल तर शाळेत परत जायला लाज कसली?

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. मुलगी दिवसभर घरात आहे म्हटलं की हाका सुरू होतात. ‘जरा कुकर बघ गं.’ ‘दूधवाला आलाय.’ ‘धाकट्याला जेवायला वाढ.’ एकेक हाक दोन मिनिटांची असते, पण तासात चार हाका आल्या की तो तास गेलाच म्हणून समज. मुलगा घरी शिकत असता तर यातल्या निम्म्या हाका कुणी मारल्याच नसत्या, हे तुलाही ठाऊक आहे. शाळेच्या भिंती तिला यातून वाचवत होत्या, आता ते काम तुझं. सकाळी आठ ते अकरा आणि दुपारी तीन ते पाच ती शाळेत आहे असंच घरातल्या सगळ्यांनी धरून चालायचं. सासूबाईंना हे तू सांगू नकोस, जावईबापूंना सांगायला लाव. पाहुणे आले तर चहा तू ठेव. घरकाम तिला यायलाच हवं, पण ते बाकीच्या वेळात आणि धाकट्या भावाच्या बरोबरीनं. आणि ‘शाळा नाहीच तर एखादं स्थळ बघू या की’ म्हणणारं कुणीतरी उगवेल. तिथल्या तिथं तोडून टाक. अठराच्या आत लग्न लावणं गुन्हा आहे, हे नात्यातल्या माणसालाही स्पष्ट सांगायला कचरू नकोस.

मग कागद. शाळा सोडल्याचा दाखला, आठवी-नववीची प्रगतिपत्रकं, जन्माचा दाखला, आधार, सगळं एका फाइलीत घाल आणि प्रत्येकाच्या झेरॉक्स काढून ठेव. दहावीच्या दोन वाटा आहेत. एक आपल्या राज्य मंडळाची, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायची. पुस्तकं बालभारतीचीच, परीक्षा बाकीच्या पोरांबरोबर, आणि विभागीय मंडळ इथंच कोल्हापुरात. पण फॉर्मची मुदत परीक्षेच्या कितीतरी महिने आधी संपते, आणि विषय एका दमात द्यावे लागतात. दुसरी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची, ज्याला सगळे एनआयओएस म्हणतात. केंद्र सरकारनं हे १९८९ साली सुरू केलं. दहावीला वयाची चौदा वर्षं पूर्ण लागतात. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. एकदा नाव नोंदवलं की पाच वर्षं चालतं, विषय एकेक, दोनदोन करून सोडवता येतात. मराठी माध्यमही आहे. आपल्या पोरीची तब्येत बघता मी हीच वाट घेईन. फक्त दोन गोष्टी सांभाळ. घरून लिहून द्यायचे स्वाध्याय असतात, त्यांना वीस टक्के गुण आहेत; ते वेळेत गेले पाहिजेत. आणि विषय निवडायची मोकळीक आहे म्हणून गणित-विज्ञान टाळू देऊ नकोस. अकरावीला सायन्सला जायचं मनात आलं तर तिथंच गाडी अडेल.

कागदाचं एवढं का सांगते, तर मुंबईच्या मालविका जोशीची गोष्ट तुझ्या मोबाईलवरही कुणीतरी पाठवली असणार. आई सुप्रिया जोशी यांनी तिला सातवीत शाळेतून काढलं, स्वतःची नोकरी सोडली आणि घरी शिकवलं. मुलगी प्रोग्रॅमिंगमध्ये रमली, संगणकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये तिनं दोन रौप्य आणि एक कांस्य अशी तीन पदकं मिळवली आणि २०१६ साली, सतराव्या वर्षी, तिला अमेरिकेतल्या एमआयटीत प्रवेश मिळाला. लोक ही गोष्ट इथंच थांबवतात. पुढचं ऐक. दहावी-बारावीचं प्रमाणपत्र नसल्यानं आपल्या आयआयटीचं दार तिला बंद होतं. चेन्नईच्या मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटनं तिची तयारी बघून तिला घेतलं, ते त्यांचं मोठेपण. त्या मायलेकींचं मला फार कौतुक आहे. पण पदकं सगळ्यांच्या लेकींना मिळत नाहीत आणि मिळाली नाहीत म्हणून कुणाचं शिकणं कमी ठरत नाही. आपल्या पोरीच्या हातात दहावीचा कागद हवाच. मालविकाच्या घरातून घ्यायचं ते एवढंच, की पोरीचा ओढा कशाकडे आहे ते आईला दिसलं आणि त्याला तिनं वेळ दिला.

आता मोबाईल. शिकायला तोच लागणार, तेव्हा त्याला शत्रू समजू नकोस, पण त्याची जागा ठरव. बैठकीच्या खोलीत, टेबलावर. अंथरुणात नाही. दुसऱ्या दिवशीचे धडे आदल्या रात्री डाउनलोड करून ठेवायचे, म्हणजे सकाळी नेट गेलं, लाईट गेली तरी अडत नाही. आणि साधनांचा ढीग करू नका. पोरं पन्नास चॅनेल सेव्ह करून ठेवतात आणि एकही धड बघत नाहीत. एका विषयाला एक पुस्तक, समजावून सांगणारी एक जागा आणि सरावाची एक जागा, बस्स. बालभारतीची सगळी पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट मिळतात. त्यांच्या धड्यांवरचे क्यूआर कोड दीक्षा ॲपनं स्कॅन केले की त्या त्या धड्याचं साहित्य निघतं. डिशवर स्वयंप्रभाच्या वाहिन्या आहेत, त्याला नेट लागत नाही. विज्ञानासाठी कोलोरॅडो विद्यापीठाचं फेट आहे, त्यातले प्रयोग मराठीतही करता येतात. कॉम्प्युटर शिकायचा तर आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल मराठीत आहेत. शब्द अडला, माणूस अडला तर मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे. यातल्या कशालाही पैसे पडत नाहीत. तेव्हा टॅबसकट हप्त्यावर कोर्स विकायला कुणी दारात आलं तर पाणी दे आणि वाटेला लाव. सही करू नकोस.

व्हिडिओचा एक धोका मात्र मोठा. बघितला की समजलं असं वाटतं. सर छान बोलतात, गणित फळ्यावर सरसर सुटतं, पोरगी मान डोलावते. मोबाईल खाली ठेवून तेच गणित कोऱ्या कागदावर मांडायला सांग, दुसऱ्या ओळीला पेन थांबतं. म्हणून माझा नियम असा: व्हिडिओ अर्ध्यात थांबवायचा, पुढं काय येईल ते आधी स्वतः लिहायचं, मग उरलेला बघायचा. आणि संध्याकाळी त्यातलं एक काहीतरी घरातल्या माणसाला सांगायचं. तुला दहावीचं विज्ञान आठवत नाही ना? उत्तम. तुला कळेपर्यंत ती सोपं करत जाईल, आणि तेवढ्यात तिला स्वतःला कळेल.

मे महिन्यात माझ्याकडे आली होती तेव्हा भिंगाचा धडा चालला होता. सूत्र पाठ होतं. भिंगाची शक्ती म्हणजे एक भागिले मीटरमधलं नाभीय अंतर, डायॉप्टरमध्ये. म्हटलं, थांब. माझा वाचायचा चष्मा दिला, दोन नंबरचा. खिडकीसमोरच्या भिंतीपाशी उभं राहून एक काच भिंतीकडे धरायला सांगितली आणि हळूहळू मागं-पुढं करायला लावली. आधी नुसता पांढुरका डाग होता. मग एका जागी भिंतीवर खिडकीचे गज उमटले, बाहेरचं नारळाचं झाड उमटलं, सगळं उलटं. पोरगी ओरडलीच. टेपनं काचेपासून भिंतीपर्यंत मोजलं, अर्धा मीटर भरला. एक भागिले अर्धा किती? दोन. चष्म्याचा नंबर! मग घरातले सगळे चष्मे गोळा झाले. आजोबांचा लांबचं बघायचा चष्मा होता, त्याचं चित्र भिंतीवर काही केल्या पडेना, आणि ते का पडत नाही हे तिनं स्वतः पुस्तकात शोधून काढलं. व्हिडिओतून सूत्र कळतं, पण चष्मा हातात देणारं माणूस घरातच लागतं.

आणि हे माणूस काय काय करू शकतं ते बघायचं असेल तर जयंत नारळीकरांचं लहानपण बघ. जन्म आपल्या कोल्हापुरातला, १९३८चा, वाढले बनारसला. ते शाळेत जात होतेच, पण घरातही फळा होता. त्यांचे मामा मोरेश्वर हुजूरबाजार, मोरूमामा, तिकडे शिकायला राहिलेले. ते या भाच्यासाठी फळ्यावर एक अवघड गणित लिहून ठेवायचे, आणि सुटेपर्यंत ते पुसायचं नाही. कुणी मागं लागायचं नाही, उत्तरही सांगायचं नाही. ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्रात नारळीकरांनी हे सगळं लिहिलंय. पुस्तक पोरीला वाचायला दे, तूही वाच. आणि आज जगभरची पोरं जिच्यावर गणित शिकतात ती खान अकादमीही नात्यातूनच सुरू झाली. २००४ साली सलमान खान नावाचा तरुण दूर राहणाऱ्या आपल्या नात्यातल्या बहिणीला, नादियाला, फोनवरून गणित शिकवू लागला. मग बाकीचे भाऊबहीण मागं लागले म्हणून त्यानं व्हिडिओ केले.

तुमच्या घरातही भिंतीवर एक काळा चौकोन रंगवून घ्या. प्रश्न घालायची पाळी सगळ्यांची. जावईबापू फौंड्रीत आहेत, त्यांच्याकडे तर प्रश्नांची खाण आहे. साच्यात ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, मग साचा किती मोठा करायचा? सासऱ्यांनी उसाच्या बिलावरचं गणित घालावं. गांधीनगरच्या दुकानात तुझा भाऊ आहे, त्यानं सूट आणि जीएसटीचं घालावं: आधी सूट की आधी कर, गिऱ्हाईकाला फरक पडतो का? सासूबाईंना वाटतं आपल्याला काय येतंय. त्यांना म्हणावं, दूध नासतं कसं आणि दही लागतं कसं, एवढंच विचारा. उत्तर यायला चार दिवस लागले तर लागू देत. त्या चार दिवसांत ‘अजून आलं नाही का?’ एवढं मात्र कुणी म्हणायचं नाही.

शाबासकी कशाची द्यायची तेही सांगते. ‘हुशार आहेस’ म्हणत राहू नका. त्या शब्दाचं ओझं होतं, आणि मग पोरगी चुकायला घाबरते. ‘ते तिसरं गणित तू सोडलं नाहीस’ असं म्हणा, म्हणजे आपलं काम कुणीतरी बघितलं एवढं तिला कळतं. जावई रात्रपाळीहून दमून येतात. त्यांनी शिकवायची गरज नाही, वही उघडून एक पान बघावं, खाली तारीख घालून सही करावी. बापाच्या सहीचं या वयाला फार असतं. आणि चुलतबहिणीचे टक्के तिच्यासमोर काढायचे नाहीत, लग्नकार्यात तर नाहीच. कुणी खोचून विचारलं, ‘शाळा का सोडली?’ तर तिनंच उत्तर द्यावं: ‘सोडली नाही, दहावी एनआयओएसमधून करतेय.’ घरी दोनदा म्हणवून घे, म्हणजे चारचौघांत अडखळणार नाही.

एक उणीव घर भरून काढू शकत नाही, ती मैत्रिणींची. चौदा-पंधराच्या पोरीला दिवसभर आई, आजी आणि स्क्रीन एवढंच मिळालं तर ती मिटत जाते. तब्येत बरी असेल त्या संध्याकाळी तिला बाहेर काढा. जुन्या वर्गातल्या दोघींना रविवारी घरी बोलवा, अभ्यासाला म्हणून नाही, नुसतं बोलायला. शहरात करवीर नगर वाचन मंदिर आहे, १८५० सालापासूनचं. तिथं सभासद करा, पुस्तक बदलायला तिलाच जाऊ दे. उचगावातून कोल्हापूर ते कितीसं लांब? एकटीनं बसनं जाणं-येणं हाही अभ्यासच आहे. आणि ती खोलीत गप्प बसून राहायला लागली, जेवण कमी झालं, रात्री जागायला लागली, तर अभ्यास आठवडाभर बाजूला ठेव आणि डॉक्टरांना भेट. विषय पुढच्या परीक्षेला देता येतो, त्यासाठीच तर ही वाट घेतली.

दहावी झाल्यावर ती कदाचित म्हणेल, अकरावीला कॉलेजात जायचंय. तुला वाटेल, घरी एवढं छान चाललंय, कशाला? अडवू नकोस. अकरावीचा अर्ज आता राज्यभर ऑनलाइनच असतो. तो तिलाच भरू दे, कॉलेजांचा क्रमही तिलाच लावू दे. भरून झाला की नाव, जन्मतारीख आणि गुण तेवढे दाखल्याशी एकदा ताडून बघ.