कॉम्प्युटर ‘फॉरमॅट’ला देण्याआधी



मागच्या महिन्यात आपल्या कोलशेतच्या कार्यालयात एक सकाळ अशी गेली की अजून आठवलं तरी पोटात गोळा येतो. शनिवार होता. सोमवारी बँकेत गटांच्या कर्जाचे प्रस्ताव द्यायचे होते. लेखापाल ताईंनी लॅपटॉप चालू केला, तर नेहमीच्या चित्राऐवजी निळा पडदा, आणि त्यावर इंग्रजीत मागणी की ४८ आकडी ‘रिकव्हरी की’ टाका. कोलशेत, बाळकुम आणि खाडीपलीकडच्या कशेळी, काल्हेरच्या गटांची बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, सभांचे ठराव, सगळं त्या एकाच लॅपटॉपमध्ये. ओळखीच्या दुकानात फोन केला, तिकडून लगेच उत्तर आलं, “विंडोज उडालंय मॅडम. फॉरमॅट मारतो, संध्याकाळी घेऊन जा.”

ताई लॅपटॉप पिशवीत भरून निघाल्याच होत्या. मी थांबवलं, पण त्यात माझी काही हुशारी नव्हती. ४८ हा आकडा मी आधी वाचलेला होता, एवढंच. तुम्हाला १९ जुलै २०२४ ची बातमी आठवत असेल. क्राउडस्ट्राइक नावाच्या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरची एक चुकीची अपडेट फाइल गेली आणि जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर एका दिवसात बंद पडले. आपल्याकडे विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. ते कॉम्प्युटर सुधारण्याचा मुख्य उपाय फॉरमॅट नव्हता. सेफ मोडमध्ये जायचं, ती एक बिघडलेली फाइल काढायची, मशीन पुन्हा चालू करायचं. मात्र ज्यांच्या डिस्कला बिटलॉकरचं कुलूप होतं त्यांना आधी ४८ आकडी किल्ली शोधावी लागली. आमच्यासमोर तेच कुलूप होतं.

बिटलॉकर म्हणजे डिस्कवरची सगळी माहिती कुलूपबंद करून ठेवणारी विंडोजची सोय. लॅपटॉप चोरीला गेला तरी आत काय आहे ते कोणाला वाचता येत नाही. नवीन लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं की बरेचदा हे कुलूप आपोआप लागतं, आपल्याला पत्ताही नसतो. आदल्या संध्याकाळी अपडेट आलं होतं. त्यात विंडोजबरोबर मशीनच्या मूळ प्रोग्रामचंही, म्हणजे बायोसचंही अपडेट होतं. आतल्या सुरक्षा चिपला बदल जाणवला आणि तिने किल्ली मागितली. थोडक्यात, लॅपटॉप बिघडला नव्हता, तो आपलं काम करत होता. आणि अशी कुलूपबंद डिस्क फॉरमॅट केली की आतलं मग कोणालाच परत काढता येत नाही.

किल्ली असते ज्या खात्याने लॅपटॉप सुरू केला त्या खात्यात. आमचा लॅपटॉप सुरू केला होता माझ्या आधीच्या कोऑर्डिनेटर ताईंनी, स्वतःच्या ईमेलवर. त्या नोकरी सोडून गेल्या त्याला वर्ष होऊन गेलं. फोन लावला तर त्या एका लग्नात! तरी बिचाऱ्या मांडवाबाहेर आल्या, मोबाइलवर खातं उघडलं. खात्यात दोन किल्ल्या निघाल्या. कोणती आपली, हे कळायला निळ्या पडद्यावर ‘की आयडी’ असतो, त्याची सुरुवातीची अक्षरं जुळवायची. सहा-सहा आकड्यांचे आठ गट त्यांनी फोनवर वाचले, लेखापाल ताईंनी टाइप केले, मी बाजूला बसून मोजत होते. लॅपटॉप उघडला. त्याच दुपारी ती किल्ली कागदावर लिहून संघाच्या कपाटात गेली, आणि लॅपटॉपवर संघाच्या स्वतःच्या ईमेलचं खातं सुरू केलं. त्या ईमेलला अध्यक्षा ताईंचा मोबाइल नंबर जोडलाय. तुमच्या प्रभाग संघात, ग्रामसंघात लॅपटॉप असेल तर तो कोणाच्या ईमेलवर चालतो, हे आजच विचारून घ्या. ती व्यक्ती उद्या सासरी जाईल, बदलून जाईल, नाहीतर नंबर बदलेल.

आता मूळ धड्याकडे येते. या अंकात विंडोज घालणं आणि ड्रायव्हर यावर लिहायचं ठरलं होतं, कारण कार्यालयात एका कंपनीकडून तीन जुने डेस्कटॉप आलेत. अशी मशीन आता बऱ्याच संस्थांना मिळतील. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा बंद केला. कॉम्प्युटर त्या दिवशी बंद पडला नाही, पण सुरक्षेच्या नेहमीच्या दुरुस्त्या यायच्या थांबल्या. म्हणून कंपन्या जुनी मशीन काढून टाकतायत. फुकट मिळतंय म्हणून घेण्याआधी एकदा स्टिकर वाचा. इंटेलचं मशीन असेल तर आय थ्री, आय फाइव्ह यानंतर एक नंबर असतो. चार आकडी नंबर असेल तर पहिला आकडा म्हणजे पिढी. ८५०० म्हणजे आठवी, ७५०० म्हणजे सातवी. १०१०० असा पाच आकडी असेल तर पहिले दोन, म्हणजे दहावी. विंडोज ११ ला साधारण आठवी पिढी किंवा पुढची लागते. शिवाय किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप हवी. चिप नाही असं मशीन म्हणालं तरी लगेच हार मानू नका, पुष्कळदा ती बायोसमध्ये फक्त बंद ठेवलेली असते. इंटेलमध्ये तिचं नाव पीटीटी असं दिसतं.

आमच्या तीनपैकी दोन ८५०० निघाले, एक ७५००. सातव्या पिढीवर युक्त्या लढवून विंडोज ११ घालून देणारे भेटतात. मला ते पटत नाही. ते मशीन आम्ही इंटरनेट न जोडता मराठी टायपिंगच्या सरावाला ठेवलंय. बँकेचं आणि आधारचं काम त्यावर करायचं नाही, असा कागदच चिकटवलाय.

विंडोज घालायला किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह लागतो. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घेतलं की ते पेनड्राइव्ह तयार करून देतं. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, तेव्हा मुलीच्या बारशाचे फोटो असलेला देऊ नका. मग मशीन चालू करताना डेल किंवा लेनोव्होवर एफ १२, एचपीवर एफ ९ दाबत राहायचं आणि यादीतून पेनड्राइव्ह निवडायचा. यादीत तोच पेनड्राइव्ह दोनदा दिसला तर ज्याच्यापुढे यूईएफआय लिहिलंय तो घ्या. पहिल्यांदा मी दुसरा घेतला आणि पुढे ‘या डिस्कवर विंडोज घालता येत नाही, डिस्क जीपीटी पद्धतीची आहे’ असा संदेश येऊन अडकले.

दुसऱ्या मशीनवर वेगळीच गंमत. कोणती डिस्क हवी असं विचारणाऱ्या पानावर डिस्कच नाही! डिस्क मेली असं वाटून आम्ही नवीन आणायला निघालो होतो. मग कळलं की बायोसमध्ये ‘रेड ऑन’ अशी मांडणी होती, आणि त्या पद्धतीची डिस्क ओळखणारा ड्रायव्हर आमच्या पेनड्राइव्हवर नव्हता. मांडणी ‘एएचसीआय’ केल्यावर डिस्क दिसली. हे फक्त रिकाम्या मशीनवर करा. चालू असलेल्या विंडोजवर ही मांडणी बदलली तर ते पुन्हा सुरूच होत नाही असं बरेचदा होतं. नव्या इंटेल लॅपटॉपवरही डिस्क न दिसण्याची तक्रार येते. तिथे कंपनीच्या साइटवरून इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर घ्यायचा, झिप सोडवून पेनड्राइव्हवर टाकायचा आणि त्याच पानावर ‘लोड ड्रायव्हर’ करायचं. झिप न सोडवता टाकलं तर विंडोजला आतलं दिसत नाही.

प्रॉडक्ट की विचारली तर ‘माझ्याकडे की नाही’ निवडून पुढे जाता येतं. मशीनवर आधी अस्सल विंडोज होतं आणि तुम्ही तोच प्रकार, होम असेल तर होम, प्रो असेल तर प्रो, घातलात तर नेट जोडल्यावर ते सहसा आपोआप सक्रिय होतं. प्रकार चुकला की होत नाही, आणि मग कोणीतरी म्हणतं, ‘क्रॅक टाकून देतो.’ तो क्रॅक टाकताना आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, यातच काय ते समजून घ्या. आपल्या मशीनवर बायकांचे आधार नंबर आणि खाते क्रमांक असतात.

विंडोज चढलं, पण पडद्यावर सगळं मोठं-मोठं, आवाज नाही, नेट नाही. इथे बहुतेकजणी म्हणतात की इन्स्टॉलेशन बिघडलं. बिघडलेलं नसतं, ड्रायव्हर नसतो. बँक आपल्या जागी ठीक, गट आपल्या जागी ठीक, पण मधली बँक सखी रजेवर असेल तर काम अडतं ना? ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि यंत्र यांच्यामधली बँक सखी. प्रत्येक यंत्राची सखी वेगळी.

पण नेटचाच ड्रायव्हर नसेल तर बाकीचे उतरवायचे कसे? अँड्रॉइड मोबाइल केबलने जोडा आणि सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू करा. बहुतेक वेळा वेगळा ड्रायव्हर न लागता नेट येतं. मग विंडोज अपडेट चालू करून चहा प्यायला जा. निम्म्या सख्या आपोआप कामावर येतात. उरलेल्यांसाठी मशीनच्या मागचा सर्व्हिस टॅग किंवा सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकायचा, नेमक्या त्याच मॉडेलची यादी येते. आधी चिपसेट, मग नेट, मग डिस्प्ले आणि आवाज, या क्रमाने घाला. उतरवलेल्या फाइल पेनड्राइव्हवर जपून ठेवल्या, म्हणून आमच्या दुसऱ्या ८५०० ला अर्धा वेळही लागला नाही.

तरी काही उरलं तर स्टार्टवर उजवं क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. पिवळा त्रिकोण दिसेल त्यावर दोनदा क्लिक करा, आत एक कोड लिहिलेला असतो. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर घातलेलाच नाही. कोड २२ म्हणजे यंत्र कोणीतरी बंद करून ठेवलंय, नुसतं ‘एनेबल’ करायचं. कोड १० म्हणजे यंत्र सुरू होत नाही, बहुतेकदा ड्रायव्हर चुकीचा. कोड ४३ यूएसबीच्या यंत्राला आला तर आधी केबल आणि पोर्ट बदलून बघा. खाडीकाठच्या दमट हवेत पोर्ट गंजतात, आमचा एक तसाच निघाला. नुसतं ‘अननोन डिव्हाइस’ असेल तर डीटेल्समध्ये जाऊन हार्डवेअर आयडी बघा. व्हीईएन या अक्षरांपुढे ८०८६ असेल तर यंत्र इंटेलचं, १०ईसी असेल तर रियलटेकचं. पडद्यावर ही अक्षरं इंग्रजीत असतात.

अपडेटनंतर चालू असलेली वस्तू बंद पडली तर त्याच खिडकीत ड्रायव्हरच्या पानावर ‘रोल बॅक’ बटण असतं, ते जुना ड्रायव्हर परत आणतं. आणि ‘तुमचे २३ ड्रायव्हर जुने आहेत, पैसे भरा’ असं सांगणारं सॉफ्टवेअर कधीही घेऊ नका. मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय म्हणून आपणहून फोन आला तर सरळ ठेवा. पैसे गेलेच तर १९३० वर लगेच कळवा.

बीसी सखींसाठी एक वेगळी गोष्ट. नवीन विंडोजवर बोटांच्या ठशाच्या यंत्राला ड्रायव्हर आणि आरडी सर्व्हिस दोन्ही पुन्हा घालावं लागतं. ड्रायव्हर आधी घाला, यंत्राची वायर नंतर जोडा. यूएसबी प्रिंटरलाही हाच क्रम. उलटा केला की विंडोज भलताच ड्रायव्हर लावून बसतं.

विंडोज नव्याने घालण्याआधी डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि टॅलीचं डेटा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर घ्या, आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर एक-दोन फाइल उघडून बघा. फॉन्टही घ्या! आपले जुने ठराव श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये आहेत. नव्या विंडोजवर ते उघडले तर अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसली आणि काकूंना वाटलं व्हायरस आला. व्हायरस नव्हता, फॉन्ट गेला होता. तो घातल्यावर सगळं जसंच्या तसं. नवीन लिखाण युनिकोडमध्येच करा. सेटिंगमधून मराठी भाषा जोडली की मराठी फोनेटिक कीबोर्ड मिळतो, ‘एम’ दाबलं की ‘म’.

दोन मशीन आता नीट चालतात. प्रिंटर मात्र चालत नाही. विंडोज ११ फक्त ६४ बिटचं आहे, आणि आपल्या त्या जुन्या प्रिंटरचा ६४ बिटचा ड्रायव्हर कंपनीने काढलेलाच नाही. म्हणून सोमवारच्या प्रस्तावांच्या प्रती पेनड्राइव्हवर नेऊन झेरॉक्सच्या दुकानात काढल्या. पुढच्या सभेत नवीन प्रिंटरचा विषय घ्यायचाय. कोणाच्या गटाकडे बिनवापराचा असेल तर येताना मॉडेल नंबरचा फोटो काढून आणा.