बॉनेटखालचे तीन प्रश्न

ब्रिटनमध्ये राहायला गेल्यावर भारतीय परवान्यावर १२ महिनेच गाडी चालवता येते. त्यापुढे चालवायची तर तिथली टेस्ट द्यावी लागते. त्या टेस्टची तयारी करणारा भाचा आणि तिथल्या रस्त्यांना सरावलेली त्याची आत्या यांचा हा संवाद.

भाचा : आत्या, गाडी सुरू करण्याआधी परीक्षक सुरक्षिततेवरचा एक प्रश्न विचारतो. त्यातले बॉनेट उघडायला लावणारे प्रश्न तीनच आहेत : इंजिन ऑइल, कूलंट आणि ब्रेक फ्लुइड. उत्तरंही ठरलेली आहेत. पाठ केली की झालं ना?

आत्या : टेस्टपुरतं भागेल. पण तिन्ही प्रश्नांच्या पोटात खरा प्रश्न एकच आहे : पातळी उतरली असेल, तर द्रव गेला कुठे? आधी ऑइल बघ. गाडी सपाट जागी लावायची, इंजिन बंद करून काही मिनिटं थांबायचं, म्हणजे वर फिरणारं ऑइल तळाशी उतरतं. डिपस्टिक काढून पुसायची, पूर्ण आत घालायची, पुन्हा काढायची आणि ऑइल दोन खुणांच्या मध्ये आहे ना ते पाहायचं. ते वारंवार कमी होत असेल, तर कुठून तरी गळतंय किंवा इंजिनात जळतंय. कूलंटची टाकी इंजिन गार असताना बाहेरूनच बघायची. गरम इंजिनात ते दाबाखाली असतं, त्यामुळे १०० अंशांच्या वर तापूनही उकळत नाही. झाकण सैल केलंस की दाब जातो आणि उकळतं पाणी अंगावर उसळतं. ही यंत्रणा बंदिस्त असते, म्हणून पातळी सारखी घसरत असेल तर नळी, रेडिएटर नाहीतर हेड गॅस्केट तपासून घ्यायला हवं.

भाचा : आणि ब्रेक फ्लुइड कमी झालं, तर वरून भरलं की काम झालं?

आत्या : तिथेच चूक होते. ब्रेक पॅड झिजले की कॅलिपरमधला पिस्टन पुढे सरकतो, मागे राहिलेली जागा फ्लुइड भरून काढतं आणि टाकीतली पातळी हळूहळू उतरते. म्हणजे ती पॅडची झीज दाखवत असते. अचानक उतरली, तर गळती असू शकते आणि तशी गाडी रस्त्यावर काढायची नाही. कारण न शोधता वरून भरलंस, तर इशारा तेवढा पुसला जातो, बिघाड तसाच राहतो.

भाचा : पण उत्तर चुकलं तरी एकच किरकोळ चूक धरतात, आणि अशा १५ चुकांपर्यंत माणूस पास होतो. एवढा वेळ कशाला घालवायचा?

आत्या : टेस्ट साधारण ४० मिनिटांची असते आणि तिचा भर तू गाडी कशी चालवतोस यावर असतो. तिथे एका प्रश्नाला किती वजन दिलंय, त्यावरून रस्त्यावरचा धोका मोजता येत नाही. टेस्टची गाडी बहुधा शिकवणाऱ्याची असते, तिची निगा तो राखतो. पास झाल्यावर ती जबाबदारी तुझी.

भाचा : काही बिघडलं तर डॅशबोर्डवर दिवा लागतोच की. शिवाय दरवर्षी गाडीची एमओटी तपासणी असते.

आत्या : बहुतेक गाड्यांत ऑइलचा लाल दिवा लागतो तो दाब पडल्यावर, आणि तोवर बेअरिंगना ऑइल पुरेनासं झालेलं असू शकतं. काही नव्या गाड्यांना डिपस्टिक नसते, पातळी पडद्यावर दिसते. तिथे मॅन्युअलमध्ये सांगितलेली पद्धत वापरायची. एमओटी गाडी तीन वर्षांची झाल्यावर सुरू होते आणि मग दरवर्षी. पण त्या तपासणीत इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स यांची अवस्था पाहतच नाहीत. इलेक्ट्रिक गाडीत इंजिन ऑइलचा प्रश्न मिटतो, ब्रेक फ्लुइडचा नाही.

भाचा : मग सुरुवात कुठून करू?

आत्या : ज्या गाडीतून टेस्ट देणार आहेस, तिचं मॅन्युअल वाच. इंजिन गार असताना बॉनेट उघडून तिन्ही जागा स्वतः शोध. पास झाल्यावर महिन्यातून एकदा आणि लांबच्या प्रवासाआधी आपल्या गाडीच्या तिन्ही पातळ्या बघ आणि लिहून ठेव. मागच्या वेळची नोंद असेल तरच या वेळची घट कळते.