फ्लुइडाइज्ड बेडचं सिम्युलेशन: आधी कागद, मग संगणक

बारीक कणांच्या थरातून खालून हवा सोडली की एका ठरावीक वेगाला कण सुटे होतात, बुडबुडे उठतात आणि सगळा थर उकळल्यासारखा घुसळू लागतो. काही बॉयलर, गॅसिफायर, तेलशुद्धीकरणातले क्रॅकर याच तत्त्वावर चालतात. हे संगणकावर उभं करायचं तर पहिला रन स्वतःच्या प्रोजेक्टचा लावू नका. ज्याची प्रयोगातली मापं छापून आलेली आहेत असा बेड घ्या. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या तघीपूर आणि सहकाऱ्यांचा २००५ सालचा बेड त्यासाठी उत्तम: २८ सेंमी रुंद, १ मीटर उंच, २५ मिमी जाड. आत सरासरी २७५ मायक्रॉनचे काचेचे मणी, घनता २,५०० किलो प्रति घनमीटर, स्थिर थराची उंची ४० सेंमी, पोकळी ०.४.

आता कॅल्क्युलेटर काढा. हवेची घनता १.२ आणि विष्यंदिता १.८ × १०⁻⁵ धरली तर आर्किमिडीज अंक साधारण १,८९० येतो. वेन आणि यू यांचं १९६६ चं सूत्र आहे: रेनॉल्ड्स अंक = √(३३.७² + ०.०४०८ × आर्किमिडीज अंक) − ३३.७. उत्तर १.१२, म्हणजे कण सुटे होण्याचा किमान वेग सेकंदाला सुमारे ०.०६१ मीटर. प्रयोगात ०.०६५ मिळाला होता. दुसरा आकडा दाबाचा: ०.६ × २,५०० × ९.८१ × ०.४ = ५,८८६ पास्कल. बेड तरंगू लागला की हवेचा दाब कणांचं वजन पेलतो, एवढाच याचा अर्थ. पण पुढे अर्ध्या चुका हाच आकडा पकडून देतो.

मॉडेल कोणतं घ्यायचं? प्रत्येक कणाचा मागोवा घेणारी डीईएम पद्धत दिसायला सुरेख, पण या एवढ्याशा बेडमध्येही सुमारे १५ कोटी कण आहेत. साध्या कॉम्प्युटरवर तो नाद सोडा. टू-फ्लुइड मॉडेल घ्या. त्यात हवा आणि कण हे एकमेकांत मिसळलेले दोन प्रवाही मानतात. अमेरिकेच्या नॅशनल एनर्जी टेक्नॉलॉजी लॅबोरेटरीचं एमफिक्स सोर्स कोडसकट मोफत मिळतं, ओपनफोमही चालेल.

मेश ५ मिमीची करा: ५६ × २०० सेल, द्विमितीय. खाली हवेचा एकसारखा वेग सेकंदाला ०.३८ मीटर, वर वातावरणाचा दाब. भिंतीवर हवेला शून्य वेग द्या, कणांना मात्र थोडं घसरू द्या. त्यासाठी जॉन्सन-जॅक्सनची अट आहे. कणांच्या टकरीचा प्रत्यानयन गुणांक ०.९ ठेवा. ड्रॅगसाठी गिडास्पोव्ह: कण दाट असतील तिथे अर्गनचं सूत्र, विरळ असतील तिथे वेन-यू. टाइम स्टेप १०⁻⁴ सेकंदाने सुरू करा आणि पुढे सॉल्व्हरला ती आपोआप बदलू द्या.

उष्णता अजून चालू करू नका. आधी २० सेकंदांचा थंड रन लावा, पहिले ५ सेकंद टाकून द्या आणि उरलेल्यांची सरासरी काढा. दाब ५,९०० पास्कलच्या आसपास हवा. बराच कमी आला तर कण वरून निसटताहेत किंवा सुरुवातीला भरतानाच कमी भरलेत. बेडमधलं कणांचं एकूण वस्तुमान छापून बघा, लगेच कळेल. मग मेश अर्धी करून पुन्हा चालवा. बेडची उंची दोन्हींत जवळपास सारखी येईस्तोवर पुढे जाऊ नका. हे कंटाळवाणं काम आहे आणि याला पर्याय नाही.

आता उष्णता. हवा आणि कण यांच्यातल्या देवाणघेवाणीसाठी गन यांचं १९७८ चं सूत्र बसवा, पण त्यावर डोकं फोडू नका. एका घनमीटर थरात कणांचा पृष्ठभाग १३,००० चौरस मीटर भरतो. त्यामुळे आत आलेली हवा एका कणाच्या जाडीएवढं अंतरही जात नाही तोच कणांच्या तापमानाला येते. ५ मिमीच्या सेलला हा फरक दिसणारच नाही.

खरी अडचण वेळेची. गरम हवेने हा बेड तापवायचा तर कालस्थिरांक किती? बेडच्या दर चौरस मीटर तळामागे उष्णताधारिता सुमारे ४,८०,००० ज्यूल प्रति अंश, आणि ०.३८ च्या वेगाने येणारी हवा दर अंशाला देते जेमतेम ४६० वॅट. भागाकार केला की सतरा मिनिटांच्या वर जातो. तुमचा रन २० सेकंदांचा. म्हणून बेड तापण्याची वाट पाहू नका. एक बाजू ३५० केल्विनवर ठेवा, बाकी सगळं ३०० वर, आणि त्या भिंतीतून जाणारी उष्णता मोजा. २० सेकंदांत बेड एखाद्या अंशानेच तापतो, तेव्हा ५० अंशांचा फरक जवळपास स्थिर राहतो आणि उष्णता-संक्रमण गुणांक सरळ वाचता येतो.

मात्र इथे ५ मिमीची सेल दगा देते. मण्यांच्या थराची वाहकता ०.२ च्या घरात. सेलचा मध्य भिंतीपासून २.५ मिमीवर, म्हणजे ०.२ भागिले ०.००२५: गुणांक ८० च्या पुढे जाऊच शकत नाही. झाब्रोड्स्कीच्या सूत्राने या मण्यांसाठी कमाल मूल्य ३६५ च्या आसपास येतं. तापमानाचा सगळा उतार भिंतीलगतच्या एक-दोन कणांत असतो, तो सेलमध्ये पुसला जातो. म्हणून भिंतीजवळच्या सेल ०.२५ मिमीपर्यंत बारीक करत न्या. आता सेल कणापेक्षाही लहान झाली. कणांना प्रवाही मानण्याचा आधारच तिथे डळमळतो. तरी सगळे हेच करतात, आणि ८० पेक्षा ते बरंच.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत असताना विवेक रानडे यांनी रासायनिक रिअ‍ॅक्टरांच्या प्रवाहगणनावर लिहिलेलं पुस्तक २००२ मध्ये आलं. एवढं झाल्यावर ते वाचायला घ्या. आणि निकाल कुणाला पाठवाल तेव्हा रंगीत चित्राखाली सेलचा आकार, टाइम स्टेप, ड्रॅगचं सूत्र आणि सरासरी कुठल्या सेकंदांची हे जरूर लिहा. नाहीतर दुसऱ्या कुणाला तो रन पुन्हा लावता येणार नाही.